साडेतीन हजार किलोमीटरचा घोळ

माझा धंदा माणसांना एका विमानतळावरून उचलून दुसऱ्या विमानतळावर नेऊन टाकण्याचा. म्हणजे विमान माझं नाही, मी फक्त तिकीट काढून देतो. दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, शेपूट मोडलेलं एक शोभेचं विमान आणि भिंतीवर पाच शहरांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं, त्यातली दोन बंद, एवढ्या भांडवलावर मी बावीस वर्षं ऑफिस चालवलं आहे. या बावीस वर्षांत माझ्याशी नाना तऱ्हेची माणसं भांडली. कुणी खिडकीच्या जागेवरून भांडलं, कुणी सामानाच्या वजनावरून. पण दोन विमानतळांमधलं अंतरच चुकीचं आहे म्हणून भांडणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघावा याला नशीब लागतं.

हे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने टेलर. बाजारात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माझ्या ऑफिसमधून रस्ता ओलांडला की त्यांचं दुकान: पुढे काउंटर, मागे कापड कापायचं लांबरुंद टेबल, दोन मशिनं, इस्त्री, आणि आरशासमोर गिऱ्हाइकाला उभं करायला वीतभर उंचीचा एक लाकडी पाट. कारागीर म्हणून त्यांना तोड नाही, हे मी त्यांचा मेहुणा असूनही म्हणतो. पण एका बाबतीत माणूस भलताच हटवादी. स्वतःच्या फितीने स्वतः घेतल्याखेरीज जगातलं कुठलंही माप त्यांना मान्य नाही. एकदा एक मोठे अधिकारी परदेशातल्या कुठल्याशा नामांकित दुकानात घेतलेलं आपलं माप कागदावर लिहून घेऊन आले. भाऊजींनी तो कागद आदराने घेतला, त्याच्या चार घड्या केल्या, डुगडुगणाऱ्या मशिनच्या पायाखाली सारल्या आणि म्हणाले, हात वर करा. नवी फीत आणली तरी ती जुन्या दोन फितींशी ताडून बघितल्याशिवाय गळ्यात घालत नाहीत. दर पाचसहा फितींत एक तरी दोन सूत लबाड निघते म्हणे.

आता अडचण काय होती ते सांगतो. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, चार वर्षांपूर्वी पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात कटिंगचं काम करते. तिथेच एका भल्या मुलाशी लग्न केलं आणि आता तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी महिन्याभरानंतरची तारीख दिली होती. नवरा दिवसभर कामावर, जवळपास दुसरं कुणी नाही. तिने आईला बोलावलं आणि बाबांनाही घेऊन ये म्हणाली. ताई एका पायावर तयार झाली, पण दुसरा पाय जमिनीवरून उचलेना. ती आयुष्यात कधी विमानात बसलेली नाही. लिफ्टमध्येसुद्धा भिंत धरून उभी राहते. हे येत असतील तर जाईन, एकटी जाणार नाही, असं तिने एकदाच सांगितलं आणि विषय मिटवला. म्हणजे भाऊजी गेले नाहीत तर पोरीने तिकडे एकटीने बाळंत व्हायचं. आणि भाऊजी हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

बापलेकीचं बोलणं चार वर्षं बंद होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बंद म्हणजे तसं अगदीच बंद नाही. दर रविवारी ताई फोन स्पीकरवर टाकून मध्ये बसते. भाऊजी ताईला सांगतात, विचार तिला, थंडी फार आहे का. पलीकडून भाची म्हणते, सांग बाबांना, थंडी आहे पण कोट घालते. दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू येत असतं. ताई एकदा फोनकडे बघते, एकदा नवऱ्याकडे बघते आणि भाजी निवडत राहते. पहिल्या वर्षी ती प्रत्येक वाक्य इकडून तिकडे पोचवायची. नंतर तिनेही राजीनामा दिला.

मी दोघांसाठी सरळ जाणाऱ्या विमानातल्या दोन जागा धरून ठेवल्या. कंपनीने तीन आठवड्यांची मुदत दिली, तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर जागा गेल्या की त्या विमानात दोन महिने पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका कागदावर सगळं छापून भाऊजींच्या हातात दिलं. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अकरा हजार सहाशे चाळीस किलोमीटर, प्रवासाचा वेळ चौदा तास चाळीस मिनिटं. सकाळी नऊ दहाला निघायचं, तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी एक वीसला पोचायचं. खाली विमानाच्या वाटेचं छोटं चित्रही होतं.

भाऊजींनी चष्मा लावून तो कागद वाचला आणि विचारलं, "हे माप कुणी घेतलं?"

मी म्हटलं, विमान कंपनीने. त्यांनी नुसतं हं केलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वह्यापुस्तकांच्या दुकानातून जगाचा मोठा नकाशा आणला, टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर इस्त्री आणि कात्र्या ठेवून ताणून बसवला. गळ्यातली फीत काढली आणि आमच्या शहरापासून भाचीच्या शहरापर्यंत धरली. नकाशाच्या तळाशी किती इंचांना किती किलोमीटर हे लिहिलेलं असतं, त्यावरून हिशोब केला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आमच्या भाऊजींनी फितीवरून गाठला. मला रस्त्यापलीकडून हाक आली. मी गेलो तेव्हा ते नकाशावर दोन्ही हात टेकून, चोर पकडल्यासारखे उभे होते.

म्हणाले, पंधरा हजार एकशे पन्नास भरतंय. तीन वेळा मोजलं. साडेतीन हजार किलोमीटर कमी दाखवलेत तुझ्या कंपनीने. मी गिऱ्हाइकाची बाही अर्धा इंच कमी कापली तर ते शर्ट माझ्या तोंडावर फेकतं, आणि इथे साडेतीन हजार किलोमीटरचा घोळ, तरी कुणी काही बोलत नाही?

मी त्यांना कागदावरचं चित्र दाखवलं. ती माझी दुसरी चूक. चित्रात विमानाची वाट सरळ नव्हतीच. आमच्या शहरातून ती कमानीसारखी वर चढत होती, पार बर्फाच्या प्रदेशापर्यंत, आणि मग खाली उतरत होती. भाऊजींनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, सरळ वाट सोडून हा मुद्दाम वाकडा जातो, आणि वर अंतर कमी सांगतो. रिक्षावाले वाकड्या वाटेने नेतात, मान्य, पण निदान जास्त किलोमीटर लावतात. त्यात काही तरी इमान असतं.

मग त्यांनी वेळेला हात घातला. नऊ दहाला निघून एक वीसला पोचणार म्हणजे चार तास दहा मिनिटं, मग कागदावर चौदा तास चाळीस का? आणि परतीच्या तिकिटावर निघण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेत पंचवीस तासांचं अंतर कसं? जाताना उतार आणि येताना चढ आहे का मध्ये? मी त्यांना ऑफिसात आणून भिंतीवरची घड्याळं दाखवली. तिथे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं हे समजावलं. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकलं, स्टुलावर चढून एक बंद घड्याळ उतरवलं, मशिनच्या तेलाचा थेंब घालून ते चालू करून दिलं आणि म्हणाले, आधी ही नीट ठेव, मग पृथ्वीची वेळ सांग. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, पण त्या गाढवाने निदान वाचणाऱ्याचं घड्याळ दुरुस्त केलं नव्हतं.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा मी शाळेतल्या भूगोलाच्या सरांना पकडून आणलं. त्यांचाही भाऊजींकडे एक कोट अडकला होता, त्यामुळे ते हौसेने आले. सरांनी एक संत्रं सोललं, त्याची साल टेबलावर दाबून सपाट केली. साल अर्थातच चहूबाजूंनी फाटली. सर म्हणाले, पाहिलंत, गोल पृथ्वी सपाट कागदावर बसत नाही. भाऊजींनी सालीकडे बारकाईने पाहिलं आणि कटिंग चुकलं असं जाहीर केलं. गोल अंगाचं कापड असं सरसकट दाबतात होय? जागोजागी चुण्या घ्यायला हव्या होत्या, नाहीतर ताणून तरी बसवायला हवं होतं. सर आनंदाने म्हणाले, तेच तर, नकाशा काढणाऱ्यांनी ते ताणूनच बसवलंय. भाऊजींनी साल उचलून पुन्हा उजेडात धरली. मला वाटलं, गड सर झाला. पण ते म्हणाले, किती ताणलंय ते सांगा. इंचात. सरांना ते इंचात सांगता येईना. त्यांनी उरलेलं संत्रं खाल्लं, कोटाची तारीख विचारली आणि ते गेले.

दरम्यान ताईने बॅग काढून, झटकून पुन्हा माळ्यावर ठेवण्याचा प्रकार चार वेळा केला होता. भाचीचा मला वेगळा फोन यायचा. मामा, बाबा काय म्हणतात? मी म्हणायचो, मोजतायत. ती विचारायची, काय मोजतायत? मी म्हणायचो, पृथ्वी. तिला आधी हसू यायचं. शेवटच्या वेळी आलं नाही. म्हणाली, नसेल यायचं तर तसं सांगा म्हणावं, मी दवाखान्यात माझी माझी सोय बघते.

तो शनिवार उजाडला. दुपारी चार वाजता मी शेवटचा प्रयत्न करायला दुकानात गेलो. नव्या पँटची ट्रायल द्यायची होती, ते निमित्त. भाऊजींनी मला आरशासमोरच्या पाटावर उभं केलं. माझ्या पोटाबद्दल इथे थोडं सांगायला हवं. ते पोट एका दिवसात झालेलं नाही. बावीस वर्षं खुर्चीत बसून दुसऱ्यांना जगभर फिरवल्याचं ते फळ आहे. भाऊजी लग्नघरातसुद्धा माझी ओळख करून देताना म्हणतात, हे आमचे शालकबुवा, मागून येतायत, पोट पुढे पोचलंय.

मी वैतागलेलाच होतो, म्हणून तक्रार केली की तुमची पँट घसरते. सकाळी कमरेवर असते, दुपारपर्यंत पोटाखाली जाते. हे काय शिवणं झालं?

तोंडात टाचण्या धरून भाऊजी म्हणाले, "पँट मूर्ख नाही. पोटावरून जायला लांब पडतं, खालून जवळ पडतं. मोकळी सोडली की ती आपली जवळची वाट..."

आणि ते थांबले. तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचल्या. माझ्याकडे, म्हणजे माझ्या मधल्या भागाकडे, असे बघू लागले की मी पाटाच्या कडेपर्यंत मागे सरकलो. हलू नको, म्हणाले.

त्यांनी खडू घेतला. माझ्या शर्टावर उजवीकडे एक फुली मारली, डावीकडे तेवढ्याच उंचीवर दुसरी. दोन्ही पोटाच्या सगळ्यात फुगीर जागेच्या जरा खाली. ही फुली म्हणजे आपला विमानतळ, ही तिचा. मग फीत एका फुलीपासून दुसरीपर्यंत अगदी आडवी, सरळ रेषेत धरली. साडेएकवीस इंच. ते वहीत लिहिलं. आता फितीची दोन्ही टोकं फुल्यांवर तशीच धरली, मधली फीत सैल सोडली आणि हळूहळू ओढून घट्ट केली. फीत आपोआप घसरून पोटाच्या खाली गेली आणि तिथे ताठ बसली. एकोणीस इंच. भाऊजींनी पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. मध्येच मला दम लागला तर ओरडले की श्वास सोडू नकोस, विमानतळ सरकतायत.

मग ते माझ्या विमानाच्या वाटेचा कागद घेऊन आले आणि उलटा करून माझ्या पोटाशेजारी धरला. कागदावरची कमान आणि माझ्या पोटाखालची फीत, दोन्हींची वाकण एक. माझ्या बेंबीच्या चार बोटं खाली उत्तर ध्रुव आहे हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी समजलं.

भाऊजी स्वतःशीच बोलत होते. सरांचं खरं होतं म्हणाले. वरचा भाग ताणून रुंद केलाय कागदावर, म्हणून सरळ रेघ जवळची दिसते. गोल अंगावर ती लांबच पडणार. विमान वाकडं जात नाही, ते पँटसारखं जवळून जातं. अकरा हजार सहाशे चाळीस. बरोबर आहे माप.

दुसऱ्याने घेतलेलं माप भाऊजींनी मान्य केल्याची ही पहिली वेळ, आणि ती माझ्या पोटावर झाली. मला इतका आनंद झाला की मी पाटावरून तसाच उडी मारून उतरलो आणि एक टाचणी मला मांडीला टोचली तरी काही बोललो नाही. म्हटलं, मग आता हो म्हणा, पाच वाजत आलेत, सहाला जागा सुटतील.

पण भाऊजींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते मशिनसमोरच्या स्टुलावर बसले. नकाशाची घडी घालू लागले, आणि एरवी डोळे मिटून पन्नास कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाला एका कागदाची घडी जमेना. म्हणजे खरंच एवढंच आहे, म्हणाले. मग म्हणाले, पण ते बर्फावरून जातं म्हणतोस...

माझा तोल सुटला. तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, तुम्हाला विमानाची भीती वाटते, सरळ कबूल करा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पोरगी तिकडे दिवस मोजतेय, बायको इकडे बॅग चढवतेय आणि उतरवतेय, आणि तुम्ही फीत घेऊन बसलात. अंतर कमी हवं होतं, झालं ना कमी? आणखी किती कमी करून देऊ? घराचं दार उघडलं की तिचं दार यायला हवं का तुम्हाला?

भाऊजी म्हणाले, "कमी नको होतं रे मला."

मला कळेना.

"नकाशावर पंधरा हजार भरले ना, त्या दिवशी जरा बरं वाटलं होतं. म्हटलं, अजून चार तास मिळतील." त्यांनी नकाशा तसाच चुरगळून बाजूला ठेवला. "तिच्यासमोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळवतोय मी. चार वर्षं जुळवतोय. रोज सकाळी फिरायला जाताना जुळवतो, परत येईपर्यंत उसवतं. चौदा तासांत नाही व्हायचं माझ्याने."

मग त्यांनी चार वर्षांपूर्वीचं सांगितलं. ती इथे त्यांच्याच हाताखाली शिकली होती, त्यांच्याइतकाच हात चालायचा तिचा. दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली तिचं नाव घालायचं म्हणून त्यांनी पेंटरला सांगून ठेवलं होतं, आणि त्याच आठवड्यात तिची तिकडची नोकरी पक्की झाली. ती निघाली त्या दिवशी दुकानात निरोप घ्यायला आली. भाऊजी एका कोटाची बाही लावत बसले होते. तिने बाबा म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही, मशीनही थांबवलं नाही. ती उभी राहिली. ते बाही लावत राहिले. पूर्ण बाही लागली, दोरा कापला आणि वर पाहिलं, तर दारात कुणी नव्हतं.

त्या दिवशी बाहेर गाडीत बसून, उशीर होतोय म्हणून सारखा हॉर्न वाजवणारा शहाणा मीच होतो. तो हॉर्न वाजला नसता तर ती आणखी दोन मिनिटं थांबली असती, हे मला चार वर्षांनी त्या दुकानात, अर्धवट शिवलेल्या पँटमध्ये उभं असताना पहिल्यांदा सुचलं. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. आणि वर तीन आठवडे मी या माणसाला वाट कशी जवळची आहे हे पटवत होतो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असला माझा उपचार.

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी रस्ता ओलांडला. पँटला टाचण्या, पोटावर खडूचे दोन विमानतळ. कॉम्प्युटरसमोर बसलो. आमच्या यंत्रात सगळे मार्ग प्रवासाच्या वेळेप्रमाणे लावून बघता येतात, कमीपासून जास्तीकडे. ती यादी उलटी करायचंही एक बटण असतं. बावीस वर्षांत मी ते कधी दाबलं नव्हतं. दाबलं.

सगळ्यात वर एकोणचाळीस तासांचा एक प्रवास आला. त्यात मध्येच एका शहरात उतरून, सामान घेऊन दुसऱ्या विमानतळावर जायचं होतं. ताईसाठी तो सोडून दिला. त्याखालचा एकतीस तास पंधरा मिनिटांचा. चार तास उडायचं, सात तास बसायचं, साडेसहा तास उडायचं, पाच तास बसायचं आणि मग पावणेनऊ तासांचं शेवटचं विमान. असलं तिकीट मी माझ्या वैऱ्यालाही कधी काढून दिलं नाही. जागा भरपूर होत्या, साहजिकच.

मी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, एकतीस तास पुरतील का?

पलीकडून वही उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, त्यातले झोपेचे आठ वजा कर. राहिले तेवीस. त्यांनी थोडा विचार केला. बघतो जमतंय का, म्हणाले. काढ.

ताईला मी घाबरत घाबरत सांगितलं की सरळ विमान सोडलंय, तीन विमानं बदलत जायचं आहे. तिला कारण विचारावंही लागलं नाही. म्हणाली, "तेहेतीस वर्षं यांच्याबरोबर लांबच्याच वाटेने आलेय मी. एकतीस तासांचं काय घेऊन बसलास?" आणि बॅग पाचव्यांदा उतरवली.

पहिल्या मुक्कामाच्या विमानतळावरून ताईचा फोन आला. ती मजेत होती. खिडकीत बसली होती, ढग खालून कसे दिसतात हे आजवर पाहिलं होतं, आता वरूनही पाहिले, अस्तरासारखे दिसतात म्हणाली. भाऊजी काय करतायत विचारलं तर म्हणाली, वहीत लिहितायत आणि खोडतायत. दुसऱ्या मुक्कामाच्या विमानतळावरून भाऊजींचाच फोन आला. आवाज दबका. वाक्य तयार झालंय, ऐकतोस का, असं विचारलं आणि वाचायला सुरुवात केली. "चार वर्षांपूर्वी तू निरोप घेण्यासाठी दुकानात आली असता माझ्या हाती काम असल्याकारणाने मी तुझ्याकडे योग्य ते लक्ष देऊ शकलो नाही, तरी त्याबद्दल..."

मी म्हटलं, भाऊजी, कोट वेळेवर झाला नाही म्हणून गिऱ्हाइकाला पत्र लिहिलंय का हे? ते ओशाळून हसले. मग आम्ही दोघं ते वाक्य कापायला बसलो. ते तिकडे विमानतळावरच्या बाकावर, मी इकडे ऑफिसात. आधी चार वर्षांपूर्वी काढलं, तिला माहीतच आहे. मग दुकान काढलं. हाती काम असल्याकारणाने काढायला ते बराच वेळ तयार होईनात, मग स्वतःच म्हणाले, काढ, ते खोटं आहे, कोटाला काही घाई नव्हती. शेवटी राहिलं एवढंच: चुकलं माझं, बाळा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. बसतंय, म्हणाले, आणि फोन ठेवला. मी कितीतरी वेळ कॉम्प्युटरवर ते शेवटचं विमान कुठवर पोचलं ते बघत बसलो. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन. उचलल्या उचलल्या तिने मला फैलावर घेतलं. मामा, तू तिकिटं काढतोस की सूड उगवतोस? सरळ विमान असताना या वयात दोघांना तीन विमानं बदलायला लावलीस? आईचे पाय सुजलेत, बाबांचे डोळे लाल झालेत, झोपलेच नाहीत म्हणे वाटेत. इतकी वर्षं हा धंदा करतोस आणि घरच्यांना असलं तिकीट? मी म्हटलं, जागा नव्हत्या गं. खोटं बोललो आणि निमूट ऐकून घेतलं. तिचा राग उतरला तशी ती हळू झाली.

म्हणाली, आई सामानाची गाडी ढकलत मागे राहिली होती. बाबा एकटेच पुढे आले, सरळ माझ्यासमोर. आणि नुसते उभे. ओठ हलत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मला बघवेना. मग मीच विचारलं.

चार वर्षांत आईला मध्ये न घालता तिने बापाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"काय विचारलंस?"

"म्हटलं, बाबा, फार लांब पडलं का हो?"

"मग?"

मागे ताई कुणाला तरी भांडं कुठे आहे ते विचारत होती.

"म्हणाले, नाही गं. जवळच आहे."